आवाजातला खड्डा

आमच्या साडूंनी आयुष्यात एकही वस्तू आधी ऐकल्याशिवाय घरात आणली नाही. मडकं आपण सगळेच वाजवून घेतो, नारळ कानाशी धरून हलवतो, कलिंगडाला टिचकी मारतो. पण छत्री, उशी, खुर्ची आणि भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून ऐकणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी तपासणी खात्यात गेली. सुटा भाग मापायचा, पास झाला तर हिरवी पट्टी, शंका असली तर पिवळी, नापास झाला तर लाल. साडूसाहेब माप घेतल्यावर तो भाग हळूच कानाशीही नेत. "माप चुकतं, आवाज चुकत नाही," हे त्यांचं ब्रीद. ते असे ऐकत बसले की समोरच्याला फार चमत्कारिक वाटे. चेहऱ्यावरची एकूण एक रेघ निवत जाई, श्वास चालू आहे की नाही ते कळत नसे, आणि खोलीत आपल्याशिवाय आणखी कोणीतरी आहे नि हे त्याचं बोलणं ऐकताहेत, असा भास होई. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमातही ते असेच बसले होते. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आल्या, बशा ठेवून आत गेल्या, तरी पाहुण्यांचे डोळे मिटलेलेच. माझी बायको तेव्हा फ्रॉकमध्ये होती. पडद्याआडून हे पाहून ती "पाहुणा मेला!" असं ओरडत मागच्या दारी पळाली. पाहुण्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "पसंत आहे." सासरे म्हणाले, "अहो, पण तुम्ही मुलगी पाहिलीच नाही." तर म्हणे, "चालताना ऐकली ना."

साडू म्हणजे एका माळेचे मणी, असं लोक म्हणतात. आमच्या माळेत एक मणी कानाचा आणि दुसरा बहिरा निघाला. माझं शहरात, द्वारकेच्या नाक्यावर, बॅटऱ्यांचं दुकान. तिथल्या चौकात दिवसभर हॉर्न ऐकून ऐकून माझे कान केव्हाच कामातून गेलेले. मी कधी रविवारी ओझरला त्यांच्या बंगल्यावर गेलो की ते मला पायरीवरच थांबवत आणि विचारत, "दिलीपराव, काही ऐकू येतंय?" मी म्हणे, "नाही बुवा." ते समाधानाने मान हलवत आणि म्हणत, "येतंय. तुम्हाला नाही येत." मग आत जाताना मी उगाचच एकदा मागे वळून बघे. भर दुपारी, ऊन रणरणत असताना, त्या बंगल्यात मला एकट्याने पाणी प्यायलाही जावंसं वाटत नसे, हे आता सांगायला हरकत नाही.

ताईंची नजर जायला लागली तेव्हा या कानांना खरं काम लागलं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार. आधी संध्याकाळचं दिसेनासं झालं, मग कडेचं. बोगद्यातून बघितल्यासारखं समोरचं तेवढं दिसे आणि तो बोगदाही बुजत जाणार, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. ताई रडल्या नाहीत. त्यांचं म्हणणं एकच होतं. घरात भिंती आहेत, हात लावत लावत मी फिरेन. पण बागेत भिंती नाहीत, आणि रोज संध्याकाळी बागेत एक फेरी मारल्याशिवाय मला दिवस संपल्यासारखा वाटत नाही. "ती फेरी मला एकटीला मारता आली पाहिजे," त्या म्हणाल्या. "माझा हात धरायचा नाही आणि माझ्या मागे मागे तर मुळीच यायचं नाही. ज्या दिवशी हात धरून फिरावं लागेल त्या दिवशी मी बागेत पाऊल टाकणार नाही." साडूसाहेबांनी शब्द दिला. मग डोळे मिटून बराच वेळ बसले आणि म्हणाले, "गवत लावू."

आम्हाला वाटलं, लॉन. पण त्यांच्या मनात शोभेचं उंच गवत होतं, फाटकापासून स्वयंपाकघराच्या पायरीपर्यंत प्रत्येक वळणावर वेगळं, वाऱ्यावर वेगळं वाजणारं. आवाज ऐकला की ताईंना कळावं की आता डावीकडे वळायचं, आता पायरी आली. मला घेऊन ते गंगापूर रोडच्या नर्सऱ्यांमधून हिंडले. एका नर्सरीवाल्याने मोठ्या उत्साहाने पंपास गवत पुढे केलं. "काका, हे न्या. पांढरे तुरे येतात, फोटो एकदम भारी येतो." साडूसाहेब म्हणाले, "फोटो राहू द्या. वाजतं कसं?" तो माझ्याकडे बघायला लागला. मी वर बघायला लागलो. शेवटी त्याच्या ऑफिसमधला टेबलफॅन बाहेर आणवला, तो गवतावर सोडला, आणि साडूसाहेब त्याच्यासमोर उकिडवे बसून डोळे मिटून ऐकू लागले. बाकीची गिऱ्हाइकं हळूहळू बोलायची थांबली. सगळ्या नर्सरीत ते एकच गवत सळसळत होतं आणि एक माणूस त्याच्यासमोर कबुलीजबाब घेतल्यासारखा बसला होता. जरा वेळाने नर्सरीवाला माझ्या कानात म्हणाला, "साहेब, यांना काही होतं का?" "होत नाही," मी म्हणालो, "हे असेच आहेत."

घरी आणल्यावर प्रत्येक गवताला कुंडीत ठेवून तपासणी सुरू झाली आणि कारखान्यातल्यासारख्या पट्ट्या लागल्या. फक्त कागदाच्या ऐवजी कापडाच्या, कारण कागद वाऱ्यावर फडफडतो आणि गवताच्या आवाजात भेसळ होते. लाल, पिवळ्या, हिरव्या चिंध्या बांधलेल्या त्या कुंड्यांची रांग रस्त्यावरून बघणाऱ्याला नवसाच्या जागेसारखी दिसे. येणाजाणाऱ्या म्हाताऱ्या फाटकाबाहेरूनच हात जोडत. जांभळं फाउंटन ग्रास दिसायला सगळ्यांत देखणं, माझ्या बायकोला तर तेच हवं होतं. त्याला पहिल्याच दिवशी लाल पट्टी. "मुकं आहे," ते म्हणाले. मी हसलो, पण मग नीट पाहिलं. वारा आला, तो सगळा ठोंब एका बाजूला लवला, परत वर आला, पुन्हा लवला आणि आवाज काडीचा नाही. कोणीतरी समोर उभं राहून, तोंड न उघडता, नुसतीच हो हो म्हणून मान डोलवावी तसं ते हलत होतं. माझं हसू तिथेच थांबलं. पट्ट्यापट्ट्यांच्या झेब्रा ग्रासलाही लाल पट्टी, ते "डोळसांचं गवत" म्हणून. कुसळीच्या एका रानजातीला मात्र लाल पट्टी लावायचीही वेळ आली नाही, कारण तिची कुसळं सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींच्या धोतराला अशी चिकटली की गुरुजी कथा संपेपर्यंत मांडी बदलत राहिले.

बांबूचं प्रकरण मात्र मला अजून आठवलं तरी बरं वाटत नाही. बांबू हेही गवतच, असा साडूसाहेबांचा आग्रह, आणि पुस्तकी अर्थाने तो खराही. पिवळ्या बांबूचं बेट त्यांनी पुढच्या कोपऱ्यात लावलं, हिरवी पट्टी बांधली. पण बांबू मोठा झाल्यावर वाऱ्याने एकमेकांवर घासायला लागला आणि थेट दार उघडल्यासारखा करकरायला लागला. ताई आतून विचारत, "कोण आलं?" कोणीच आलेलं नसे. एकदा तिन्हीसांजेला मी पोचलो तर ताई दिवाणखान्यात बसून कोणाशी तरी बोलत होत्या. माहेरच्या गोष्टी चालल्या होत्या, मध्येच हसत होत्या. समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे चहाचा भरलेला कप होता. मी "ताई" म्हटल्यावर त्या दचकल्या. "म्हणजे तुम्ही आत्ता आलात?" त्यांनी विचारलं. "मग इतका वेळ कोण बसलं होतं?" बाहेर बांबू करकरला. दुसऱ्या दिवशी साडूसाहेबांनी स्वतः कुदळ घेऊन ते बेट मुळासकट काढलं. तो चहा कोणी ओतला, की कोणी प्यायला, हे मी विचारलं नाही.

शेवटी बाग जमली. फाटकाशी वाळा, तो कुजबुजल्यासारखा बोले. वळणावर लेखणीचा बोरू, जरा कडक वाजणारा. स्वयंपाकघराच्या पायरीशी गवती चहा, म्हणजे आवाज चुकला तरी वास चुकायला नको. आणि मागच्या फाटकाजवळच्या दूरच्या कोपऱ्यात, माणसाला झाकेल इतकं उंच पंपास, नव्या खळीच्या पातळासारखं सळसळणारं. आल्यागेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर पंचा बांधून साडूसाहेबांनी बागेची चाचणी घेतली. मी पंचा बांधून थेट तगरीत गेलो. ताई मात्र, नजर पुरती गेल्यावर, हात जरा पुढे धरून पहिल्याच दिवशी सगळी फेरी करून आल्या. साडूसाहेबांनी दिलेला शब्द पाळला. ताईंच्या फेरीची वेळ झाली की ते स्कूटर काढत, दोनदा मोठ्याने रेस करत आणि ओरडून सांगत, "मी मंदिरात जाऊन येतो." जन्मात ज्यांनी देवळातली घंटा फक्त नाद तपासण्यासाठी वाजवली, त्यांना उतारवयात देव आठवला याचं आम्हा सगळ्यांनाच नवल वाटलं.

मग ताईंना ते खड्डे ऐकू यायला लागले. त्यांनीच मला समजावून सांगितलं. गवत सगळीकडून वाजत असतं. त्यात माणूस उभा राहिला की तेवढा वारा अडतो, तेवढ्या जागेचा आवाज बसतो. "आवाजात खड्डा पडतो," त्या म्हणाल्या. मला खरं वाटेना. मी चपला काढून, श्वास रोखून वाळ्यापुढे जाऊन उभा राहिलो. "दिलीपराव," त्या पायरीवरून म्हणाल्या, "पोट आत घ्या, वाळा दबतोय." आम्ही पोट धरून हसलो. हसणं ओसरल्यावर त्या तशाच स्वरात म्हणाल्या, "आणि पंपासमध्ये तो कोण उभा असतो हो रोज?"

मी पंपासकडे पाहिलं. संध्याकाळचा उजेड उतरत होता, तुरे हलत होते. तिथे कोणी नव्हतं, म्हणजे मला दिसलं नाही. मी जाऊन बघेपर्यंत तर नक्कीच नव्हतं. पण ठोंबाच्या आतल्या बाजूला पाती आडवी झाली होती आणि मध्ये दोन पावलं मावतील एवढी माती दबलेली होती. घरकामाला येणाऱ्या सोमीबाई मूळच्या सुरगाण्याकडच्या. त्यांनी ती माती पाहिली आणि लांबूनच हात जोडले. "तिथं कोन तरी रोज उभं ऱ्हातं ताई," त्या म्हणाल्या. "मी त्या अंगाला झाडायला जायची नाय. लय जुनं कोन तरी हाय." माझ्या बायकोचं मत पडलं की ज्याचं दिवसपाणी नीट झालेलं नाही असं कोणीतरी त्या जागेला धरून आहे, गुरुजींना बोलावून शांत करून घ्यावी. साडूसाहेब एकदम चिडले. इतके चिडलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "काही करायचं नाही," ते म्हणाले. "उभा आहे तर उभा राहू दे. तुमचं काय घेतो?" शेवटी तडजोड म्हणून सोमीबाईंनी रोज दुपारी पंपासच्या मुळाशी पानावर गूळखोबरं ठेवावं असं ठरलं. साडूसाहेब यालाही विरोध करतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "ठेवा. गूळ जरा सढळ हाताने ठेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पान पुसून काढल्यासारखं स्वच्छ. तिसऱ्या दिवशीही. उंदीर असता तर पान कुरतडलं असतं, मुंग्या असत्या तर चुरा राहिला असता. सोमीबाईंना पाहिजे तो पुरावा मिळाला. मला मात्र त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसता येईना. आणि ताईंनी एके दिवशी जे सांगितलं त्याने तर माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. फेरीच्या वाटेवर पाण्याचा पाइप पडला होता, त्यात पाय अडकून त्या गुडघ्यावर आपटल्या. "मी पडले," त्या म्हणाल्या, "आणि तो खड्डा पंपासमधून निघाला. बोरूपर्यंत आला. माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबला. श्वास लागला होता त्याला. मी म्हटलं, कोण आहे? काही बोलला नाही. मग मी माझी मी उठले, साडी झटकली. तशी तो आला तसा मागे मागे गेला." मी विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटली?" त्या म्हणाल्या, "पहिल्या पहिल्यांदा वाटायची. आता नाही वाटत. काही करत नाही बिचारा, नुसता उभा असतो. हल्ली तर तो तिथे आहे ना, एवढं ऐकूनच मी चालायला लागते." साडूसाहेब शेजारीच बसले होते. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, ऐकताहेत.

गेल्या थंडीत साडूसाहेब गेले. हृदय दगा देईल असं कोणाला वाटलं नव्हतं, कारण आम्हा सगळ्यांचं लक्ष त्यांच्या साखरेवर होतं. डॉक्टरांनी गोड पूर्ण तोडलेलं होतं आणि ताई चहासुद्धा बिनसाखरेचा देत, तरी ती कधी उतरली नाही, याचं कोडं कोणाला सुटलं नव्हतं. तेरावं झाल्यावर मी ओझरला गेलो तेव्हा ताई पायरीवर बसल्या होत्या. फेरीची वेळ होऊन गेली होती. वारा चांगला होता, बाग नुसती घुमत होती. "ऐका," त्या म्हणाल्या. माझ्या या कानांना काय ऐकू येणार? मी म्हटलं, "गवत वाजतंय." "सगळं वाजतंय," त्या म्हणाल्या. "एकही खड्डा नाही. ते गेल्यापासून पंपास अख्खं वाजतं." मग त्यांचा आवाज चिरकला. "मला मेलीला एवढं कळू नये? गाडी घेऊन फाटकातून जायचे आणि मागच्या फाटकाने आत येऊन उभे राहायचे. रोज. मी मागे येऊ नका म्हटलं होतं ना. मग मागे आले नाहीत."

मी पंपासकडे गेलो. सोमीबाईंनी सवयीने ठेवलेलं गूळखोबरं पानावर तसंच होतं आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. ठोंबाच्या मागे, फाटकाच्या आतल्या बाजूला, त्यांच्या झिजलेल्या चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या. मला हसू आलं, पण त्या चपलांवरून नजर हलेना. मधुमेहाचा माणूस भुताचा नैवेद्य खात होता, आणि आम्ही इकडे शांत करायला निघालो होतो.

"दिलीपराव," ताईंनी हाक मारली, "तिथे आहात तर जरा उभे राहता का आत?"

मी चपला काढल्या आणि गवतात शिरलो. पंपासची पाती धारेची असतात, हाताला, गालाला चरे पडले. त्या माणसाने हे रोज सोसलं आणि कधी हुं की चूं केलं नाही. मी श्वास रोखून उभा राहिलो. ताई उठल्या, हात जरा पुढे धरून वाटेने चालत आल्या, वाळा मागे टाकला, बोरूशी वळल्या आणि माझ्यासमोर येऊन थांबल्या. डोळे मिटायची त्यांना आता गरज नव्हती, तरी त्यांनी मिटले. मान एका बाजूला कलती केली. वाऱ्याच्या दोनतीन झुळका आल्या नि गेल्या.

"नाही हो," त्या म्हणाल्या आणि ओल्या डोळ्यांनी हसल्या. "तुमचा फारच मोठा पडतो. ते केवढेसे होते." मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "या बाहेर, कापून घ्याल. मी चहा ठेवते."

त्या वळल्या आणि चालू लागल्या. स्वयंपाकघराकडच्या वाटेत तो पाण्याचा पाइप पुन्हा कोणीतरी आडवा टाकलेला मला दिसला. मी तोंड उघडलं होतं, हाकही मारणार होतो. तेवढ्यात त्यांनी पायाने चाचपलं, पाइप ओलांडला आणि पुढे गेल्या. बाहेर येऊन त्यांच्या मागोमाग जायला काहीच हरकत नव्हती. पण त्यांचा हात स्वयंपाकघराच्या दाराला लागेपर्यंत मी त्या गवतातून हललो नाही.